चढावरची गाडी

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य आमच्या शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतले आहे. पायऱ्या एकूण किती, हे मात्र मी कुणाला कधी सांगितले नाही. ते मला स्वतःला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळले, आणि तेही मोटार चालविण्याच्या परीक्षेत.

पैनगंगा ओलांडली की सौभाग्यवतींचे माहेर. स्कूटरवर मागे बसणे त्यांच्या गुडघ्यांना सोसेना, म्हणून एक जुनी मोटार घेतली. शिकाऊ परवाना काढला, नियमाप्रमाणे तीस दिवस थांबलो आणि परीक्षेला उभा राहिलो. सपाटीवर सारे ठीक चालले. मग आला चढ. तिथे गाडी थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा काढायची. पहिल्या वेळी इंजिन बंद पडले. दुसऱ्या वेळी गाडी हातभर मागे गेली. तिसऱ्या वेळी दोन्ही झाले.

रांगेत माझे दोन माजी विद्यार्थी उभे होते. दोघांनी माना खाली घातल्या. ती त्यांची सभ्यता; पण ते हसले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. परीक्षक म्हणाले, “फिर आओ, सर.” त्यातला ‘सर’ फार लागला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नापास उमेदवाराला सात दिवसांनी पुन्हा जाता येते. तीनदा नापास झाला तर मात्र साठ दिवस थांबावे लागते. दक्षिण कोरियातील चा सा-सून या बाई २०१० मध्ये ९६० व्या प्रयत्नात परवाना मिळवून घरी गेल्या. वय ६९. एकट्या लेखी परीक्षेतच त्या ९४९ वेळा नापास झाल्या होत्या. त्यांची आठवण काढून मी रोज पहाटे बेल्याच्या रस्त्याने दहा-दहा मैल गाडी पिटाळू लागलो.

चार दिवसांनी शिकविणारा पोरगा चाचरत म्हणाला, “सर, रागावू नका, पण तुम्ही जे येतं तेच घोटता. अडतं तिथं तर जातच नाही.”

त्याने मला तलावाच्या बांधाकडे नेले. तिथल्या चढावर गाडी उभी केली. ब्रेकवर पाय ठेवून क्लच हळूहळू सोडायचा. गाडी थरथरली की तिथेच पाय धरायचा, मगच ब्रेक सोडायचा. ती थरथर तळपायाला कळायला मला आठ दिवस लागले.

त्याच साठ दिवसांत दहावीचा निकाल लागला. गणितात राहिलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली. एरवी मी म्हणालो असतो, “अभ्यास वाढव.” गेली पंचवीस वर्षे मी तेच म्हणत आलो होतो. या वेळी विचारले, “बाई, नेमकं अडतं कुठं?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कंसाच्या आधी वजा असलं की, सर.” एवढेच! बाकीची रीत तिला येत होती. त्या एका चढावर तिची गाडी दर वेळी मागे येत होती, आणि आम्ही तिला सपाटीवर मैलोगणती पळवीत होतो. पुरवणी परीक्षेपर्यंत आम्ही दोघांनी वजाचे कंस तेवढे सोडविले. ती पास झाली.

चौथ्या खेपेला मीही झालो.

परवा सौभाग्यवतींना घेऊन निघालो. एका चढावर पुढचा कापसाचा ट्रक थांबला. त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. गाडी थरथरली, पण मागे गेली नाही.

“इथंच नापास होत होता ना?” त्यांनी विचारले.

“हो,” मी म्हणालो, “इथंच.”