वस्तादामागची तालीम : नांदेड ते रामलिंग मुदगड

नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर आणि चाकूर या क्रमाने लातूरला पोहोचणारा आणि तेथून औसा-निलंग्याकडे वळणारा रस्ता गोदावरीचे खोरे सोडून बालाघाटाच्या पठारावर चढतो. या रस्त्याच्या दुतर्फा राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंतच्या राजवटींच्या खुणा विखुरलेल्या असल्या, तरी त्याच वाटेवर एका वेगळ्या प्रकारच्या इतिहासाचाही माग काढता येतो. हा इतिहास मराठवाड्याच्या कुस्तीचा, आणि त्यातही वस्ताद गमावलेला एक चमू नव्या वस्तादाच्या हाताखाली पुन्हा कसा उभा राहिला याचा आहे. वस्ताद म्हणजे तालमीचा प्रमुख शिक्षक. परंतु डाव शिकवणे हा त्याच्या कामाचा केवळ एक भाग असतो. कोणत्या पोराने कोणाशी लढत करायची, कोणाचा खुराक वाढवायचा, दुखापत झालेल्याला किती दिवस मातीबाहेर ठेवायचे, कोणाला कोणत्या मैदानात उतरवायचे, हे सर्व तोच ठरवतो, आणि म्हणून तो गेला की तालमीची घडीच विस्कटते.

गुरूनंतर समूहाने कसे टिकावे या प्रश्नाला नांदेडमध्ये फार मोठी ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचे येथे निर्वाण झाले आणि त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथसाहिबालाच गुरूपद दिले. आज दिसणारी तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. होळीच्या सुमारास येथे होला मोहल्ला साजरा होतो, त्या वेळी निघणाऱ्या मिरवणुकीत आणि एरवी होणाऱ्या गतक्याच्या, म्हणजे लाठी-तलवारीच्या शीख युद्धकलेच्या, प्रात्यक्षिकांत शरीर कमावण्याची जुनी शिस्त टिकून राहिलेली दिसते. गुरू गोविंदसिंहांच्या नावाने शहरात भरणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धाही याच वातावरणातील आहे. धर्मपरंपरा आणि तालीम यांची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही, परंतु शिकवण व्यक्तीबरोबर संपू नये यासाठी ती कोठेतरी ठेवून जावी लागते, ही जाणीव नांदेडमध्ये पावलोपावली होते.

लोह्याच्या पुढे रस्त्यालगत असलेले माळेगाव हे खंडोबाचे ठाणे आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास येथे भरणारी यात्रा घोडे, गाढवे आणि इतर जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध असून, तिच्यातील कुस्त्यांची दंगल हा पंचक्रोशीतील मल्लांच्या वर्षातील महत्त्वाचा दिवस असतो. दंगल म्हणजे उघड्या मैदानावर, इनाम लावून आणि हजारो लोकांच्या साक्षीने होणाऱ्या कुस्त्यांचा कार्यक्रम. तेथे वजनकाट्याला फारसे स्थान नसते. पंच दोन मल्लांना शेजारी उभे करून त्यांची उंची, मान, मांड्या डोळ्यांनी जोखतात आणि जोड लावतात. हलगीचा ठेका चढू लागला की दोघे वाकून मूठभर माती उचलतात, ती कपाळाला लावतात, उरलेली प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर टाकतात, कारण घामाने निसरड्या झालेल्या अंगावर मातीमुळेच पकड बसते, आणि हात मिळवून खडाखडी सुरू करतात. खडाखडी म्हणजे मानेवर व मनगटावर हात टाकून समोरच्याचा तोल आणि दम अजमावण्याचा पहिला टप्पा. अनुभवी प्रेक्षक कुस्तीचा कल येथेच ओळखतो. दोन्ही खांदे जमिनीला टेकवून प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हाच येथे खरा निकाल मानला जातो, आणि म्हणून अशा लढतीला निकाली कुस्ती म्हणतात. मराठवाड्यातील बहुतेक मल्लांची पहिली ओळख अशाच यात्रांच्या मातीत झालेली असते आणि त्यांच्या पहिल्या कमाईचे नारळ व रोख इनामही तेथूनच आलेले असते.

लोह्याहून आडवाटेने कंधार गाठता येते. राष्ट्रकूटांच्या काळात भरभराटीस आलेल्या या नगराचा भुईकोट किल्ला आणि जवळचा जगत्तुंग सागर हा तलाव पाहण्याजोगा आहे. परंतु राष्ट्रकूटांचा धागा खरा जुळतो तो लातूरला. या घराण्याने स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावले होते आणि अभ्यासक या लत्तलूरची ओळख आजच्या लातूरशी पटवतात. मध्ययुगात औसा आणि उदगीर येथील किल्ल्यांना जे महत्त्व आले ते लातूरला मिळाले नाही. त्याचे पुनरुत्थान निजामी राजवटीत व्यापारपेठ म्हणून झाले. १९१७ साली आखलेली गंजगोलाई, म्हणजे मध्यभागी दुमजली वर्तुळाकार इमारत आणि तिच्याकडे सर्व बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते, हा त्या काळातील नगररचनेचा अजूनही वापरात असलेला नमुना आहे. त्याआधी, १९११ साली, बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी लातूरपर्यंत आली होती, आणि १९२७ साली तीच मिरजेपर्यंत जाऊन पोहोचली. लातूरच्या पठाराला दक्षिण महाराष्ट्राशी, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी जिथे तालमींना आश्रय दिला आणि १९१२ साली जिथे खासबाग मैदान बांधून पूर्ण झाले त्या कोल्हापूरच्या मुलखाशी, जोडणारा हा पहिला लोहमार्ग होता.

या जोडणीचा अर्थ पुढच्या काळात उमटला. निजामी मराठवाड्यातील यात्रांत कुस्ती लोकप्रिय असली, तरी मल्लाला बारा महिने राहण्या-खाण्याची सोय देणाऱ्या आणि वस्तादांची सलग परंपरा असलेल्या तालमी प्रामुख्याने कोल्हापूर, सांगली आणि पुणे येथे होत्या. त्यामुळे गुणी पोराला गाव सोडण्यावाचून पर्याय नव्हता. लातूरच्या बाबतीत यातील विरोधाभास विशेष बोचतो. १९७० साली सुरू झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याच्याआधीचे दयानंद महाविद्यालय यांच्या शिस्तबद्ध अध्यापनातून ‘लातूर पॅटर्न’ घडला, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी राज्यभरातील मुले या शहरात खोल्या घेऊन राहू लागली; मात्र त्याच जिल्ह्यातील मल्लाला वरच्या पातळीची तयारी करायची असेल तर वळकटी बांधून पुण्याची गाडी धरावी लागते. बुद्धीच्या परीक्षेसाठी जी निवासी शिस्त लातूरने स्वतःच्या बळावर उभी केली, ती शरीराच्या परीक्षेसाठी त्याच प्रमाणात उभी राहिली नाही, ही खंत नोंदवणे आवश्यक आहे.

लातूरहून औशामार्गे निलंग्याकडे जाताना तेरणेच्या खोऱ्यातील किल्लारीचा प्रदेश जवळ येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात येथील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, आणि आज रस्त्यावरून दिसणाऱ्या सरळ रेषेतील पुनर्वसित वसाहती त्यानंतरच्या आहेत. निलंग्यातील नीलकंठेश्वराचे तारकाकृती मांडणीचे जुने मंदिर मागे टाकले की त्याच तालुक्यात रामलिंग मुदगड लागते. या गावाचे प्रशासकीय चरित्र मराठवाड्याच्या इतिहासाचा संक्षेप ठरावे असे आहे : १९५० च्या सुमारास निलंगा तालुका हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबादमध्ये आला आणि १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्यात गेला.

याच गावचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले. १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरला भरली आणि त्यांनी ती जिंकली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेतर्फे १९६१ साली सुरू झालेली ही स्पर्धा राज्यातील मल्लांसाठी सर्वोच्च मानाची समजली जाते. पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. रुस्तम-ए-हिंद म्हणून ते देशभर ओळखले गेले, परंतु त्यांचे याहून दीर्घ कार्य निवृत्तीनंतरचे आहे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद म्हणून राहिले, आणि ‘बिराजदार मामा’ या नावाने मराठवाड्यातून येणाऱ्या पोरांचे पालक झाले. मामा हे संबोधन तालमीत सहज मिळत नाही. पहाटे हौदा खणून माती मोकळी करण्यापासून जोर-बैठका, लढती, दुपारचा बदाम-दुधाचा खुराक आणि संध्याकाळची मेहनत या सर्वांवर ज्याची नजर असते, आणि ज्याच्या शब्दावर घरची माणसे मुलाला वर्षानुवर्षे परगावी ठेवतात, त्यालाच ते मिळते.

सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार यांचे निधन झाले. वस्ताद गेल्यावर तालमीत नेमके काय होते, हे बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. माती तीच राहते, खोल्याही त्याच असतात. परंतु रोजच्या जोडी लावणारा निर्णायक शब्द नाहीसा होतो, मोठ्या मल्लांना आपल्या बरोबरीचा जोडीदार मिळेनासा होतो आणि खुराकाचा खर्च सोसणारे घर पोराला परत बोलावू लागते. अशा वेळी त्यांच्या पठ्ठ्यांपैकी अनेकांना आधार मिळाला तो काका पवार यांचा. पवार हे मूळचे लातूर जिल्ह्यातीलच, स्वतः बिराजदारांचे शिष्य, आणि १९९८ सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. ग्रीको-रोमन हा त्यांचा प्रकार. त्यात कमरेखाली पकड करण्यास मनाई असल्याने सारी लढत छाती, दंड आणि कमरेच्या ताकदीवर चालते. पुण्यात कात्रज परिसरात त्यांनी उभारलेल्या कुस्ती संकुलात मातीचा हौदा आणि गादी, म्हणजे आंतरराष्ट्रीय कुस्तीसाठी वापरला जाणारा रबरी पृष्ठभाग, या दोहोंवर सराव सुरू राहिला.

या दुहेरी व्यवस्थेतच नव्या बांधणीचे मर्म होते. मातीत पाय रुततो, हालचाल मंदावते, आणि मल्ल बराच वेळ दम धरून डाव साधू शकतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मिळवायचे असल्याने पहिल्या क्षणापासून वेग लागतो आणि रिंगणाबाहेर एक पाऊल पडले तरी प्रतिस्पर्ध्याला गुण जातो. मातीत वाढलेल्या पोराला गादीचा हिशेब शिकवताना त्याची मूळची ताकद मोडू न देणे, हे काम नव्या वस्तादाला करावे लागले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. बिराजदारांच्या हाताखाली घडलेला आणि त्यांच्यानंतर पवारांकडे सराव करणारा हा मल्ल २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध १५-७ असा जिंकला, आणि ते सुवर्णपदक त्याने दिवंगत गुरूला अर्पण केले. एडिनबर्गच्या पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच परंपरेतील शिष्याने त्याच स्पर्धेत मिळवलेले हे यश होते. २०१९ साली नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत त्याने ६१ किलो गटात कांस्यपदकही घेतले.

त्यानंतर ७ जानेवारी २०२० रोजी पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. त्या वर्षी माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके आणि गादी विभागातून नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर पुढे आला, आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे निघाले. एका तालमीत रोज एकमेकांना रगडणाऱ्या दोघांना एकमेकांच्या सर्व खोडी ठाऊक असल्याने लढत बराच वेळ सावध राहिली, आणि सदगीरने ती ३-२ अशी जिंकली. जिंकताच त्याने शेळकेला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले. वस्तादाला आपल्या एका पोराच्या विजयात दुसऱ्याचा पराभव पाहावा लागला, परंतु मातीची आणि गादीची दोन्ही टोके एकाच हाताखाली तयार झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे अवघड आहे.

रामलिंग मुदगडहून लातूरला परतताना रेल्वे स्थानकाजवळून रस्ता जातो. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची ‘जलदूत’ गाडी याच शहरात आली होती. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले. हौद्यातील माती जिवंत ठेवायलाही पाणी लागते : ती ताक, हळद, तेल आणि लिंबाच्या रसाने मळावी लागते आणि कोरडी पडू नये म्हणून वारंवार शिंपावी लागते. लातूर-नांदेडच्या मल्लांना घराजवळ घडवायचे असेल, तर बारमाही पाणी, गादी, परवडणारा खुराक आणि सर्वांत आधी पुण्याहून परत येऊन येथे मुक्काम ठोकणारा वस्ताद लागेल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये या जिल्ह्यांत गावोगाव पसरली आहेत, त्यांची वसतिगृहे आहेत आणि आंतरमहाविद्यालयीन कुस्तीत उतरणारी पोरेही त्यांच्याकडेच शिकतात. बिराजदार-पवार परंपरेतील एखाद्या मल्लाला पगारी वस्ताद म्हणून बोलावण्याची सुरुवात त्यांच्यापासून होऊ शकते.