धोतरवाला टायर

जुन्या मोटारींच्या टायरला बाजूनं एक रुंद पांढरी पट्टी असायची. जाणकार त्याला व्हाईटवॉल म्हणतात. माझा मामा म्हणतो, धोतरवाला टायर. असले पाच टायर मला मजुरी म्हणून मिळाले.

मी गोंदियात राईस मिलमध्ये आहे. ह्या गावाला तांदळाचं शहर म्हणतात. म्हणणारे तांदूळ विकतात, आम्ही उचलतो. माझी अठरा दिवसांची मजुरी राहिली होती. साडेचारशेच्या हिशेबानं आठ हजार शंभर. मिल दुसऱ्याच्या हातात जात होती, गोदाम रिकामं करणं चाललं होतं. मुनीमजी म्हणाले, रोकड नाही, माळ्यावरचं भंगार घेऊन जा. माळ्यावर हे टायर होते, बारदान्यात गुंडाळलेले. कधीकाळी मिलच्या दारात उभ्या राहणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरचे. गाडी केव्हाच मोडीत गेली. स्टेपनीसकट पाच टायर कुणी आणि का जपले, देव जाणे. (देव आम्ही सोडले, म्हण तेवढी जिभेवर राहिली.)

टायरवर डनलॉपचं नाव आणि ५.९०-१५ असा आकडा उमटलेला. डनलॉपचा कारखाना हुगळीकाठी साहागंजला, १९३६ सालचा. २०११ साली तिथलं काम थांबलं. अ‍ॅम्बेसेडर त्याच हुगळी जिल्ह्यात, उत्तरपाड्याला व्हायची. तीही २०१४ साली बंद झाली. दोन्हीकडचे कामगार घरी बसले. त्यांच्या हातचा माल मात्र माझ्या डोक्यावर बसला, कारण बहिणीची आयटीआयची फी भरायची होती आणि टायर काही फी म्हणून घेत नाहीत.

देवरीच्या पुढं हायवेवर मामाचं पंक्चरचं दुकान आहे. चार बांबू, ताडपत्री, एक कॉम्प्रेसर आणि ट्यूब बुडवायला पाण्याची अर्धी टाकी. मुंबई-कलकत्त्याचा रस्ता, पूर्वीचा सहा नंबर. गावात धंदा का नाही टाकला म्हणून विचारलं तर मामा म्हणतो, ‘‘हायवेवर कोनी जात पुसत नाई गा. पंक्चर पुसते.’’ ट्रकच्या चाकाची रिंग उडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलीत. तीन बोटांनी तो टायर असा उतरवतो की बघत राहावं.

टायर नेले तसा मामा खूश. पेट्रोल लावू नको म्हणाला, पट्टी तपकिरी पडते. साबण, पाणी, ब्रश. दोन तास घासलं. वर पिवळेपणा राहिलाच. मामा म्हणाला, काळ्या रबरातलं तेल हळूहळू पांढऱ्यात झिरपते, मग पांढरं पांढरं राहत नाही. नखानं खरवडून पाहिलं, रंग निघाला नाही. म्हणजे पट्टी खरी. कारखान्यात पांढऱ्या रबराचा थर आतच घालतात, वरून काळी पातळ कातडी चढवतात आणि मग ती घासून काढतात. आता कोण करतो एवढं? आपल्याकडे बहुतेक जण रंग मारतात, नाहीतर पांढऱ्या रबराची रिंग अडकवतात. अमेरिकेत कोकर नावाची कंपनी जुन्या गाड्यांसाठी जुन्या घाटाचे नवे टायर करते. तिथून मागवायचे तर भाडं आणि जकात मिळून कंबर मोडते. म्हणून माझ्या भंगाराला गिऱ्हाईक होतं.

मी ह्या पट्टीच्या मागं लागलो. मिळेल ते वाचलं. पहिलेवहिले टायर पांढुरकेच असत. रबराचा मूळ रंग फिका, त्यात झिंक ऑक्साईड घालायचे, तेही पांढरं. मिशेलिन कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस १८९८ सालचा. तो पांढरा आहे तो ह्यामुळेच. पण पांढरा टायर लवकर झिजायचा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात काजळी घालू लागले. चुलीवरच्या भांड्याला धरते तीच जात, फक्त कारखान्यात केलेली. काजळीनं रबर चिवट झालं, टायर कैकपट टिकू लागला. सबंध काळा टायर सुरुवातीला महागाचा असे. म्हणून रस्त्याला लागणारा भाग तेवढा काळा केला आणि बाजूला, जिथं रस्त्याचं घासणं नाही, तिथं पांढरं तसंच राहिलं. पुढं तीच शोभा झाली आणि तिचेच जास्त पैसे पडू लागले.

मिलमध्येही मी रबरापाशीच उभा असतो. शेलरमध्ये रबराचे दोन रोल असतात, एक जोरात फिरतो, एक सावकाश, उलटसुलट. मधून धान गेलं की टरफल सुटतं. जोरात फिरणारा आधी झिजतो, म्हणून मधूनमधून दोघांची अदलाबदल करायची. आमच्याकडचे रोल पांढरे. काळे का नाही विचारलं तर मिस्त्री म्हणाला, काळं रबर झिजलं तर तांदळाला डाग पडंन. म्हणजे रस्त्यावर काळं आणि ताटाजवळ पांढरं. मी हे वहीत लिहून ठेवलं. अजून त्याची कविता झाली नाही.

गिऱ्हाईक नागपूरचं. जुन्या गाड्या लग्नाला भाड्यानं देणारं. मोठ्या गाडीतून उतरला, चष्मा वर केला, ‘‘पट्टी ओरिजिनल है?’’ मग मोबाईलची बत्ती पाडून पाहिलं. एकाचे चार हजार, पाचाचे वीस हजार बोलला. माझ्या मजुरीच्या अडीचपट. मी मामाकडं पाहिलं.

मामानं टायर गुडघ्यात धरून वाकवला. नक्षी जवळजवळ नवी, पण पट्टीच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा, एकाला एक लागून. ‘‘रबर मरते, साहेब. ठेवल्या ठेवल्या मरते. हे दाखवाले आहेत, चालवाले नाई.’’ तो हसला. पॉलिश मार, भेगा बुजतील, दहा किलोमीटरची तर वरात असते. मामा म्हणाला, ‘‘नवरदेव मांगं बसला असन आन चाक फुटन. मंग?’’ आणि हात दाखवला. बोलला काही नाही.

मी मध्ये बोललो नाही. वीस हजार म्हणजे काय हे मला कळतं. मामाचा हात म्हणजे काय हेही.

खरं तर अशी वरात कायद्यातच बसत नाही. २०२१ साली केंद्रानं नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज. नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, आणि मग तिला रोज चालवायचं नाही, धंद्याला लावायचं नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. मामाला हे सांगितलं. तो बावन्न वर्षांचा. म्हणाला, ‘‘पन्नाशीत आराम भेटते त्याईले? माही पाटी कोन लावते गा?’’

शेवटी त्या माणसानं दोनच घेतले, ऑफिसच्या दारात मांडायला. दीड-दीड हजारानं. देण्याआधी मामानं दोन्हींच्या तळाला तीन-तीन भोकं पाडली, हवा भरायची सोयच ठेवली नाही. बिलबुकावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, ‘चालवण्यास अयोग्य’, आणि त्या माणसाची सही घेतली. तो चिडून गेला.

उरलेले तीन मामानं दुकानासमोर अर्धे पुरले. बाकीच्या टायरांना दरसाल चुना लावावा लागतो, ह्यांना नाही. रात्री ट्रकच्या दिव्यात पट्टी दुरून चमकते. पावसाळ्यात दोन-तीन गाड्या जास्त थांबल्या म्हणे.

तीन हजारांत फीचा पहिला हप्ता गेला. मिलच्या नव्या मालकाला विचारलं तर तो म्हणतो, जुनं देणं जुन्याकडं माग. जुना म्हणतो, टायर दिले ना. वहीत लिहून ठेवलं आहे : येणे ५,१००.