मैल संपतात, किलोमीटर सुरू होतात

बेलफास्टहून डब्लिनला जाणाऱ्या हमरस्त्यावर न्यूरी शहर मागे पडले की काही मिनिटांतच देश बदलतो. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग, तर पुढचा मुलूख आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचा. पण वाटेत ना नाका, ना फाटक, ना शिपाई! नवखा प्रवासी सरहद्द शोधत राहतो आणि ती केव्हाच ओलांडलेली असते.

सरहद्दीची खूण सांगतो तो रस्ताच. कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि पाट्यांवरचे आकडे एकदम फुगतात. उत्तरेत अंतर मैलांत आणि वेगही ताशी मैलांत. प्रजासत्ताकाने मात्र २० जानेवारी २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणल्या.

हा फरक जिवाशी खेळणारा आहे. दक्षिणेतल्या पाटीवरचे '१००' म्हणजे सुमारे ६२ मैल. उत्तरेकडच्या चालकाने घाईत ते मैल समजले, तर त्याची गाडी ताशी १६० किलोमीटरने सुटेल! दक्षिणेत आकड्याखाली एकक तरी लिहिलेले असते. उत्तरेत नुसताच आकडा. तिथले '६०' किलोमीटर समजणारा पाहुणा ताशी ९६ किलोमीटरने येणाऱ्या गाड्यांपुढे रेंगाळत राहील.

गंमत म्हणजे रस्ता सोडला, तर सरमिसळ दोन्हीकडे सारखीच. पेट्रोल लिटरने, पण बिअर पाइंटने. माणसाची उंची फुटांत आणि वजन 'स्टोन'मध्ये. एक स्टोन म्हणजे १४ पौंड. जुना आयरिश मैल तर २,२४० यार्डांचा, इंग्रजी मैलापेक्षा चक्क ४८० यार्डांनी लांब!

मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडेही किराणा किलोने, फ्लॅट चौरस फुटांत, शेत एकर-गुंठ्यांत आणि सोने तोळ्यावर. नऊवारीतला 'वार' म्हणजे तरी दुसरे काय? यार्डच!

एकेकाळी याच वाटेवर लष्करी चौक्या होत्या. १९९८ च्या शांतता करारानंतर त्या हळूहळू हटल्या. २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ही सीमा खुलीच ठेवण्यात आली. त्यामुळे इथे आता कोणी अडवत नाही. सावध राहायचे ते चालकानेच. भाड्याची मोटार घेणाऱ्याने निघण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे, की वेग दाखवणारा काटा मैल मोजतो आहे की किलोमीटर!