नरनाळ्याची गोष्ट जुन्याच नियमांनी पुरी करू

अमरावती,
३० ऑगस्ट २०२४

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. गणपती झाले की नवीन पुस्तक मागवायचं आणि दिवाळीपासून आपला डीअँडडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्सचा) खेळ नव्या नियमांवर न्यायचा, असं तू ठरवलेलं दिसतंय. बाकीच्यांनी लगेच होकार कळवले. मी अजून काहीच कळवलं नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी पोळ्याला तू अमरावतीला येशीलच, पण घरात पाहुणे असताना हे बोलणं निवांत व्हायचं नाही.

मला नवं नकोच आहे, असं समजू नकोस. १७ सप्टेंबरला येणाऱ्या पुस्तकाबद्दल जे जे वाचायला मिळालं, त्यातलं बरंच मला मनापासून आवडलं. वहिनीचं लढवय्या पात्र, फायटर, याचंच घे. ती बिचारी प्रत्येक पाळीला फक्त 'मी तलवार मारते' म्हणते आणि फासा टाकते. आता प्रत्येक हत्याराला स्वतःची एक करामत मिळणार आहे: एकाने शत्रू मागे ढकलला जाईल, दुसऱ्याने खाली पडेल, तिसऱ्याने त्याची चाल मंदावेल. वहिनीला हे फार आधी मिळायला हवं होतं. जखमा भरण्याच्या साध्या मंत्राला आता आठ बाजूंचे दोन फासे टाकायचे, आधी एकच होता. त्यामुळे क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारं पात्र घेणाऱ्याला आपण उगाच आलो असं वाटणार नाही.

माझी अडचण पॅलाडिन या पात्रापासून सुरू होते. तुझ्या अकोटच्या मित्राने आपल्या पॅलाडिनकडून नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यातल्या लढाईत काय केलं ते आठव. त्याचे दोन्ही वार एकाच पाळीत लागले आणि दोन्हींवर त्याने आपली सगळी दैवी शक्ती ओतली. आपण खुर्च्यांवरून उठून ओरडलो होतो. नव्या नियमांत ती शक्ती एक मंत्र होते, तिला बोनस ॲक्शन (पाळीतली जादा कृती) लागते आणि एका पाळीत ती एकदाच वापरता येते. असं का केलं ते मला कळतं. एकच खेळाडू एका पाळीत सगळी लढाई संपवतो, तेव्हा बाकीचे नुसते बघत बसतात. पण दिवाळीनंतर त्याच्या पॅलाडिनला ते पुन्हा कधी जमणार नाही. गोष्ट तीच, माणूस तोच, किल्लाही तोच, आणि त्याच्या हातातलं बळ मात्र अमेरिकेत छापलेल्या एका पानाने काढून घेतलेलं. त्याने 'चालेल' म्हटलं असेल. त्याला मनातून काय वाटलं ते तू विचारलंस का?

बाबांशी मी यावर बोलले. त्यांना आपला खेळ पूर्ण कळत नाही, पण नियम बदलणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं आपल्या घरात कोणाला कळत नसेल. ते मातीवरची कबड्डी खेळले. जोवर श्वास टिकेल तोवर चढाई, हा त्यांचा खेळ. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लागलं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. बचावात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर जादा गुण. बाबा म्हणतात, आमच्या वेळी दमदार माणूस मोठा होता, आता चपळ माणूस मोठा आहे. यात त्यांची तक्रार नाही, ते प्रत्येक हंगाम बघतात. पण लांब दमावर ज्यांनी गावोगावच्या स्पर्धा जिंकल्या, त्यांचं कसब एका नियमाने मागे पडलं, हे ते विसरत नाहीत. आपण तरी का विसरावं? नियम खेळाला शिस्त लावतात आणि त्याबरोबर कोणत्या गुणाचा माणूस मोठा ठरेल तेही ठरवतात.

याच शहरात १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि मंडळाचं पथक १९३६ ला बर्लिनमध्ये कबड्डी आणि मल्लखांब दाखवून आलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला त्या काळातली वेगळी गोष्ट विलक्षण वाटते. तेव्हा कबड्डी एक नव्हतीच. संजीवनीत गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन मैदानात येई. गामिनीत बाद झालेला सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसे. अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडायचंच नाही, नुसता गुण मोजायचा. १९२३ साली बडोद्यात नियम छापले गेले, पुढे एकेक करून खेळ बांधला गेला आणि आजच्या कबड्डीत संजीवनी टिकली. बाहेरच्यांशी खेळायचं तर एक नियम हवाच. पण गामिनी खेळत वाढलेल्या पोरांना त्या दिवसांत काय वाटलं असेल, याचा विचार मी अलीकडे सारखा करते.

आपल्या खेळातही हेच आहे. १९७४ ला गायगॅक्स आणि आर्नेसननी तो काढला, यंदा पन्नास वर्षं झाली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत भुयारातून जेवढं सोनं बाहेर आणाल तेवढे अनुभवाचे गुण मिळायचे. म्हणून जुने खेळाडू राक्षसाला वळसा घालून, झोपलेल्याला न जागवता खजिना पळवायचे. लढणं म्हणजे बेत फसणं. पुढे तो नियम मागे पडला, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत लढून जिंकण्यावरच मुख्य भर आला आणि खेळणाऱ्यांचा स्वभावच पालटला. २००८ ची चौथी आवृत्ती अनेकांना निव्वळ लढाईचा पट वाटली. पायझो या दुसऱ्या कंपनीने २००९ ला जुन्याच नियमांवर पाथफाइंडर हा खेळ काढला आणि कितीतरी लोक तिकडे गेले. त्यांना लोक हट्टी म्हणाले. मला ते हट्टी वाटत नाहीत. त्यांच्या गोष्टी त्या नियमांत घडल्या होत्या, आणि त्या अर्ध्यावर सोडायला ते तयार नव्हते.

डीअँडडी काढणाऱ्या कंपनीलाही खेळणाऱ्यांपुढे माघार घ्यावी लागते, हे आपण दीड वर्षात दोनदा पाहिलं. २०२३ च्या जानेवारीत इतरांना खेळाचे नियम वापरू देणारा खुला परवाना बदलायचा त्यांनी घाट घातला होता. जगभरातून एवढा विरोध झाला की महिना संपायच्या आत तो बेत सोडून त्यांनी मूळ नियमच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे केले. आणि आत्ता याच महिन्यात डीअँडडी बियॉन्ड या त्यांच्या संकेतस्थळावर लोकांच्या चालू कॅरेक्टर शीटमधले (पात्रांच्या नोंदींमधले) जुने मंत्र काढून नवे घालणार होते. लोक चिडले आणि काही दिवसांत तेही मागे घेतलं. त्यांचा राग मला अगदी बरोबर वाटला. नवीन पुस्तक विका, आम्ही घेऊ. पण चालू गोष्टीतल्या माणसाची शीट त्याला न विचारता बदलू नका. आपल्या शीट कागदावर आहेत, झेरॉक्स काढलेल्या, तुझ्याच अक्षरातल्या. त्या कोणी दुरून बदलू शकत नाही. बदलणारा तूच असशील, म्हणून तुला लिहितेय.

आता माझं स्वतःचं. माझ्या पात्राचा अर्ध-एल्फ हा वंश नव्या पुस्तकात नाही. अर्ध-ऑर्कही नाही. 'अर्ध' म्हणून माणसाची ओळख सांगणं दोन वंशांच्या घरात वाढलेल्यांना बोचतं, अशी ते वगळण्यामागची भूमिका आहे, आणि तिचा मी आदर करते. ज्यांना बोचलं त्यांचं खरंच आहे. जुन्या पुस्तकातून ती आणायची मुभाही ठेवली आहे. पण तू तिला कसं घडवलंस बघ: आई अकोटजवळच्या गावातली विहीर खोदणाऱ्याची लेक, बाप इमादशाहीच्या अमलात नरनाळ्यावर आलेला आणि एका रात्रीत निघून गेलेला. दोन्हीकडचे तिला आपली म्हणत नाहीत. मेळघाटातून गाविलगडापर्यंत ती बापाला शोधत चालली आहे ते यासाठीच. ती पुरती एल्फ किंवा पुरती माणूस झाली, तर तिचं चालणंच संपलं. मागे एकदा माझ्या तोंडून निघालं होतं, "माह्या पोरीचं आता काय करू बाप्पा?" तुम्ही सगळे हसलात. मी खरंच विचारत होते.

म्हणून माझं म्हणणं असं. नरनाळ्याची गोष्ट गाविलगडावर पोचेपर्यंत जुन्याच पुस्तकाने खेळू. फार लांब नाही, तूच म्हणालास उन्हाळ्यापर्यंत संपेल. वहिनीला हत्यारांच्या करामती आत्तापासून द्यायच्या तर दे, मी पहिली टाळी वाजवीन. कोणाचं काही काढून मात्र घेऊ नकोस. ती गोष्ट संपली की नवी गोष्ट, नवी माणसं, पहिल्या लेव्हलपासून, पूर्ण नव्या नियमांनी. तेव्हा मी पॅलाडिन घेईन, म्हणजे तो नवा नियम मलाच सोसावा लागेल. आणि सुरू करण्याआधी एक रविवार न खेळता नुसतं बसू. प्रत्येकाने आपल्याला काय सोडवत नाही ते सांगायचं, आणि तू लिहून घ्यायचं. खेळ चालवणारा तू आहेस, शेवटचा शब्द तुझाच. पण टेबल पाचही जणांचं आहे.

पुस्तकाची किंमत पन्नास डॉलरच्या आसपास आहे, वर टपालखर्च. वर्गणी काढायची तर माझा वाटा मी सोमवारी देते. येताना अकोटच्या मित्रालाही घेऊन ये, आणि तुझी नकाशाची वही आण. गाविलगडाच्या बाजूचं पान तू अजून कोणाला दाखवलेलं नाहीस. ते दाखवू नकोस, पण किती सेशन उरलीत तेवढं मोजून सांग.

काकूंना नमस्कार.

तुझी,
छोटी

ता.क. पॅलाडिनच्या नव्या नियमाबद्दल मी तुझ्या अकोटच्या मित्राला काही बोललेली नाही. तू आधी बोल.