घरकुलाची वाट

पाथर्डी भागात आमची नेमणूक झाली, तेव्हा एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी आम्हाला एक सल्ला दिला होता. ते म्हणाले, "तिकडे कुटुंबांची गणती करायची तर पावसाळ्यात करा. दिवाळीनंतर कराल तर निम्म्या दारांना कुलपे दिसतील, आणि आपले धर्मग्राम ओस पडले असे वाटून उगाच खंतावाल."

सल्ला अनुभवाचा होता. हा मुलूख दुष्काळी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये संसार लादून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे माणसांची मोजणीसुद्धा हत्याराच्या नावाने. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्या मंदिरात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे एवढीच काय ती दाटी. आमची कुटुंबवही आम्ही पावसाळ्यातच भरत आलो. परंतु जो नियम आमच्या वहीला लागू, तोच सरकारच्या वहीलाही लागू असणार, हे ध्यानात यायला आम्हाला फार वर्षे लागली. त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

आमच्या धर्मग्रामात एक विधवा बाई आहे. तिला सगळे मावशी म्हणतात. आम्हीही म्हणतो, वस्तुतः ती आमच्याहून लहान आहे. कुडाच्या भिंती, वर पाचटाचे छप्पर आणि पावसाळ्यात त्यावर ओढलेला प्लास्टिकचा कागद, असे तिचे घर. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली आणि १९८५ पासून चालत आलेली इंदिरा आवास योजना तिच्यात मिळून गेली. पुढच्या वर्षी वस्तीवर दोन-तीन घरकुलांचे पाये खणलेले दिसू लागले, तेव्हा मावशी रविवारी मिस्सा आटोपल्यावर दाराशी थांबली.

"फादर, आमचा लंबर कवा लागंल?"

आम्ही म्हणालो, "मावशी, यादी असते. क्रमाने नंबर लागेल. धीर धरावा."

ती मान डोलावून गेली. पुढच्या वर्षी तिने तेच विचारले आणि आम्हीही तेच उत्तर दिले. यादी म्हणजे रेशनच्या दुकानापुढची रांग अशीच आमची समजूत होती: जो आधी उभा राहिला त्याला आधी मिळणार, बाकीच्यांनी पाय दुखले तरी उभे राहायचे. ज्या यादीच्या भरवशावर आम्ही धीर वाटत होतो, ती आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

२०१९ च्या मे महिन्यात, ती कारखान्यावरून परतल्यावर, आम्ही तिच्यासोबत ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने यादी काढली आणि बोट खाली खाली नेत शेवटच्या नावापर्यंत नेले. मावशीचे नाव यादीत नव्हते. तिचा क्रमांक मागे राहिलेला नव्हता, तो मुळात नव्हताच.

मग त्या यादीचे कूळमूळ आम्ही समजून घेतले. आमच्या अनेक वाचकांच्या घरीही हा प्रश्न आहे, म्हणून ते येथे सांगतो. ही 'कायम प्रतीक्षा यादी' तयार झाली २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून. प्रथम बेघर, मग कच्च्या भिंती-छपराच्या एकाही धड खोलीविना राहणारे, मग एका खोलीतले, मग दोन खोल्यांतले. भिक्षेवर जगणारे किंवा वेठबिगारीतून मुक्त झालेले अशा काहींना आपापल्या गटात अग्रक्रम. उरलेल्यांना वंचिततेचे गुण: घरात कर्ता प्रौढ नाही, कुटुंबप्रमुख स्त्री असून कमावत्या वयाचा पुरुष नाही, पंचविशीपुढचे कोणी साक्षर नाही, अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ नाही, भूमिहीन असून अंगमेहनतीवर पोट आहे. गुण समान पडले तर ग्रामसभेने क्रम ठरवायचा. त्यातही अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्य आणि इतर यांच्या याद्या वेगळ्या, आणि वरून येणारे उद्दिष्टही वेगवेगळे. म्हणून शेजारच्या चाळिसाव्या क्रमांकाचे घर उभे राहते आणि आपला बारावा तसाच राहतो. दर वेळी त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. आमच्या लोकांना हे कोणी सांगत नाही, आणि मग भावकीत अबोला धरला जातो.

परंतु या सगळ्यात एका गोष्टीला गुण नाहीत, ती म्हणजे प्रतीक्षा. किती वर्षे वाट पाहिली याचा रकाना त्या प्रतीक्षा यादीत नाही. गणतीच्या दिवशी तुम्ही कसे होता, एवढेच ती जाणते. आणि गणक वस्तीवर आला तेव्हा मावशी नवऱ्यासह परजिल्ह्यातल्या फडात मोळ्या बांधत होती. थोरल्या दिराने, त्याच्या समजुतीने भलेपणानेच, सांगितले की आम्ही सारे एकच. दोन चुली होत्या, वहीत एक पडली. दिराच्या पक्क्या घरात मावशीचे कुडाचे घर विरघळून गेले. पुढे तिचा नवरा वारला. यादी 'कायम' असल्याने तिला तेही कळण्याचा मार्ग नव्हता.

सुटलेल्या कुटुंबांसाठी सरकारने 'आवास प्लस' नावाची नोंदणी केली होती, असे ग्रामसेवकाने सांगितले. तीच 'ड' यादी. ती २०१९ च्या मार्चमध्ये बंद झाली होती. मार्चमध्येही मावशी फडातच होती. आम्ही मात्र गावात होतो, आणि चौकशी केली असती तर फोन करता आला असता.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेल्या माणसावर आम्ही कितीतरी प्रवचने केली आहेत. पाणी हलले की आपल्याला उतरवायला कोणी नाही, आणि आपण पोहोचेपर्यंत दुसराच उतरलेला असतो, असे तो प्रभूला सांगतो. आम्ही आजवर त्याच्या सहनशीलतेवर बोलत आलो, त्याच्या तक्रारीवर कधी बोललो नाही.

सेमिनरीतले आमचे एक सहाध्यायी कॅलिफोर्नियात सेवा करतात. त्यांना हे लिहिले तेव्हा त्यांनी तिकडची रीत कळवली. तेथे गरिबांना सरकार भाड्यासाठी साहाय्य देते. कुटुंबाने उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के भरायचे, उरलेले भाडे घरमालकाला सरकार देते. परंतु मागणारे फार आणि पैसा थोडा, म्हणून यादी वर्षानुवर्षे बंदच असते. लॉस एंजेलिसमध्ये ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांनी उघडली, दोन आठवड्यांपुरती. २ लाखांहून अधिक अर्ज आले आणि सोडत काढून ३० हजार कुटुंबे निवडली गेली. ही सोडत घराची नव्हती, प्रतीक्षा यादीत उभे राहण्याच्या जागेची होती! मावशीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मंग तितंबी गावात असावं लागतंय म्हणा."

मधल्या काळात इतर दारे ठोठावली. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. मावशीच्या सासऱ्यांचे पूर्वज ज्या जातीतले, ती अनुसूचित आहे, पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला त्या यादीत स्थान नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांसाठी ते दार उघडले, आपल्यासाठी नाही. आमच्यातल्या काहींच्या कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असतो. डोक्यावर छप्पर असलेल्या आम्ही त्यांचा न्याय करावा असे आम्हाला वाटत नाही. आपले धर्मांतरित ख्रिस्ती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात गणले जातात, आणि त्या वर्गासाठी राज्यशासनाने २०२३ मध्ये मोदी आवास घरकुल योजना आणली. कागदावर हे दार उघडे होते. परंतु जातीच्या दाखल्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सासरे शाळेची पायरी चढले नव्हते. आमच्या बाप्तिस्मा नोंदवहीतला त्यांचा उतारा आम्ही सुवाच्य अक्षरात लिहून दिला, पण केवळ त्यावर काम भागले नाही.

अखेर २०२५ च्या पूर्वार्धात आवास प्लसची नवी नोंदणी निघाली. अटीही सैल झाल्या होत्या. पूर्वी घरात दुचाकी असली तरी नाव गळत असे, ती अट गेली. मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. या वेळी आम्ही मिस्साच्या अखेरच्या सूचनांत ती बातमी तीन रविवार वाचली, आणि तेवढ्याने फडातल्यांना ऐकू जाणार नाही हे ठाऊक असल्याने प्रत्येक टोळीतल्या एकेकाला फोन केला. नोंदणी मोबाइलवर, आधारशी चेहरा जुळवून आणि त्याच घरापाशी छायाचित्र घेऊन करायची. म्हणजे माणूस येथे हवा. मुकादम कुरकुरला. दोन दिवसांचा खाडा पदरी घेऊन मावशी रात्रीच्या एस.टी.ने आली.

तरुण सर्वेक्षकाने मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला. यंत्र डोळ्यांची उघडझाप मागत होते आणि मावशी भीतीने डोळे ताणून उभी.

"फादर, घरासाटी डोळं कशाला मिटायचं?"

तिसऱ्या खेपेला जुळले. नंतर त्याने कुडाची भिंत, पाचटाचे छप्पर आणि दारातली मावशी अशी छायाचित्रे घेतली. चुली किती, असे त्याने विचारले. "एक. माजी येकटीची," ती ठासून म्हणाली. दीर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "व्हय, येगळी हाय." २०११ साली हे दोन शब्द उच्चारले गेले असते, तर कदाचित आज आम्ही दुसऱ्याच विषयावर लिहीत असतो.

नोंद झाली, म्हणजे घर झाले नाही. पडताळणी व्हायची, यादी ग्रामसभेपुढे यायची, क्रम लागायचा. त्यानंतर सपाट प्रदेशासाठीचे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळायचे, आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी बांधकामाचे छायाचित्र घ्यायचे. तेव्हा ती गावात असेल की फडात, देव जाणे. दुसऱ्या दिवशी परत जाताना तिने पूर्वीचा प्रश्न विचारला नाही. ग्रामसभा कोणत्या तारखांना असतात, एवढे तिने विचारले. आम्ही कागदावर लिहून दिले: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिला वाचता येत नाही. तिने कागद पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, "जानेवारीला मी न्हाई. त्या दिशी तुमी जावा."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी आम्ही थोडी वाट वाकडी करून पंचायतीच्या फलकावर काय लावले आहे ते पाहून येतो.