गव्हावांचून

आमच्या अशक्तपणाचें व मुलीच्या किरकिरीचें कारण अखेर एकच निघालें : गहूं! सीलिअ‍ॅक नांवाच्या या विकारांत गव्हांतील ग्लूटेनमुळें आंतड्याचें अस्तर झिजतें. जन्मभर पथ्य हाच उपाय. डच बालवैद्य विलेम डिके यांनीं 1950 सालच्या प्रबंधांत गव्हाचा हा दोष मांडला. मुलीच्या डब्यासाठीं नाचणीचीं बिस्किटें करतां करतां आमचा तोच धंदा झाला. असल्या जिनसांत किलोमागें 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाहीं, म्हणून परात, चाळणी, गिरणीसुद्धां निराळी. गिऱ्हाइकें मात्र बहुधा सडपातळ होण्याच्या आशेनें येतात. तुमच्या पोळीचा कांहीं अपराध नाहीं, असें आम्ही त्यांस सांगतों, आणि विक्री बुडते. हिशेब हल्लीं मुलगीच लिहिते. परवां ती म्हणाली, “आई, त्यांना हें सांगायलाच हवं का गं?”