दोन कॅन, दोन कप चहा

ट्रेकची सॅक हलकी करायचा नाद एकदा लागला, की माणूस टूथब्रशची दांडीही कापायला मागेपुढे बघत नाही. माझी मजल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनपर्यंत गेली. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेलवर महिनोन्‌महिने चालणारी मंडळी अशा कॅनपासून स्पिरिटचा स्टोव्ह बनवतात. वजन जेमतेम एका रिकाम्या कॅनइतकं, खर्च जवळपास शून्य. म्हटलं, ट्राय तर करू!

आणि ट्रायलसाठी सोलापूरसारखी जागा नाही. एक तर तिथे माझी मावशी राहते. दुसरं म्हणजे हा जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाचा रस काढून साखर केली की मळी उरते, मळीपासून अल्कोहोल. म्हणजे माझ्या स्टोव्हचं इंधन इथल्या शेतातच उगवतं, बॉस!

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. सॅकमध्ये कॅन, कात्री, टाचण्या. स्पिरिट मात्र नाही, कारण ज्वालाग्राही सामान रेल्वेत न्यायला बंदी आहे. ते सोलापुरातच परवाना असलेल्या दुकानातून घेतलं.

शनिवारी मावशीच्या गच्चीवर माझा कारखाना सुरू झाला. दोन कॅनची बुडं दीड-दीड इंचावर कापली. एकाच्या मधोमध मोठं भोक पाडलं आणि कडेने टाचणीने १६ बारीक भोकं. कॅनच्याच पत्र्याची पट्टी गोल वळवून आत उभी केली, तिला खालून तीन खाचा दिल्या आणि दोन्ही बुडं एकमेकांत दाबून बसवली. फंडा सोपा आहे. मधल्या खळग्यात स्पिरिट ओतून पेटवायचं. खाचांमधून ते दुहेरी भिंतीच्या मध्ये शिरतं, भिंत तापली की तिथेच उकळतं आणि त्याची वाफ बारीक भोकांतून बाहेर येऊन पेटते. झालं गॅससारखं निळ्या ज्योतींचं कडं तयार!

‘‘काय करलालीस गं हे?’’ मावशी डोकावली. सगळं ऐकून हसली. ‘‘आमच्या पंपाच्या स्टोव्हला आधी स्पिरिटचा काकडा लावून बर्नर तापवायचो, तसंच की!’’

रविवारी सकाळी आम्ही दोघी एकरुख तलावावर. तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याजवळ, शहरापासून दहाएक किलोमीटर. ब्रिटिश काळातला हा तलाव हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांचा अड्डा असतो. दगडांचा आडोसा करून स्टोव्ह मांडला, ३० मिलिलिटर स्पिरिट ओतलं, वर जाळीचं कडं, त्यावर पातेलं. ऊन डोळ्यांवर, समोर पाण्यावर पक्षी. एकदम सॉलिड सीन!

पाच मिनिटं झाली, चहाला उकळी नाही. वाकून बघितलं, तर ज्योतच दिसेना. विझला वाटतं! मी पातेलं उतरवलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि ओतायला हात पुढे केला.

मावशीने माझं मनगट धरलं. घट्ट. काही न बोलता तिने गवताची वाळकी काडी उचलून स्टोव्हवर धरली. काडी भुर्रकन पेटली.

माझ्या हातात अर्धा लिटर स्पिरिट होतं.

मावशीने बाटली घेतली, झाकण लावलं, लांब ठेवून आली. मग बाही वर केली. तिच्या कोपरापाशी भाजल्याची खूण आहे. मी लहानपणापासून बघतेय, मला ती तेलाची वाटायची. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. सकाळच्या पाळीआधी त्यांचा चहा करायचं काम मावशीचं, तेव्हा ती १२ वर्षांची. एकदा काकडा विझला समजून तिने तो स्पिरिटच्या बाटलीत परत ठेवला. ‘‘स्पिरिट विझलं का, ते डोळ्यांनी ठरवायचं नसतं,’’ एवढंच म्हणाली.

स्पिरिटची फिकट निळी ज्योत उन्हात दिसतच नाही. इंटरनेटवर हे मीही वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी जवळपास निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारे स्टोव्ह तयार केले, घरच्या स्वयंपाकासाठी. पाणी मिसळलं की भडक्याचा धोका कमी होतो. त्यामागचं शहाणपण मला एकरुखच्या काठावर कळलं.

स्टोव्ह गार झाल्यावर मावशीनेच तो पुन्हा भरला. आठ मिनिटांत चहा उकळला. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. असा चहा मी आजवर प्यायले नव्हते. हात मात्र अजून थरथरत होता.

ट्राय करणार असाल तर:
* पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये कधीही स्पिरिट ओतू नका. विझल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा.
* पेटवण्याआधी बाटली झाकण लावून लांब ठेवा. जवळ पाणी हवंच.
* तंबूत किंवा बंद खोलीत पेटवू नका. डिनेचर्ड स्पिरिट विषारी असतं, प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरू नका.
* वाळक्या गवतात नको. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर अजिबात नको.
* पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते. हातमोजे घाला.
* जमलं तर एखादी मावशी सोबत न्या.